पावाला हात लावणारी बाई : कॅरिबियन आई आणि तिची मुलगी

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. वर्गातल्या बहुतेक मुली घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या. कुणाची आई ऊसतोडीला जाणारी, कुणाची रोजंदारीवर. अभ्यासक्रमात नसलेली एक छोटी कथा मी दरवर्षी त्यांना वाचून दाखवी आणि मराठीत समजावून सांगे. तिचे नाव 'गर्ल', म्हणजे 'मुलगी'. लेखिका जमैका किंकेड. ही कथा १९७८ साली 'न्यू यॉर्कर' ह्या अमेरिकन साप्ताहिकात प्रथम छापली गेली आणि १९८३ साली 'ॲट द बॉटम ऑफ द रिव्हर' ह्या संग्रहात आली.

कथेत घटना अशी काही नाही. एक आई बोलते आहे आणि मुलगी ऐकते आहे. सारी कथा म्हणजे एकच लांबलचक वाक्य. कोणत्या दिवशी कोणते कपडे धुवायचे, खारवलेला मासा कसा भिजत घालायचा, बापाच्या खाकी कपड्यांना इस्त्री कशी करायची, अंगण कसे झाडायचे, भेंडी कुठे लावायची, न आवडणाऱ्या माणसाकडे पाहून किती हसायचे, अशी आज्ञांची माळ लागते. मधूनच आई मुलीला बजावते, की तू वाईट चालीची बाई व्हायला निघाली आहेस, ते होऊ नकोस. मुलगी साऱ्या कथेत दोनदाच तोंड उघडते. शेवटी आई तिला पाव ताजा आहे की नाही हे दाबून कसे पाहायचे ते सांगते. मुलगी विचारते, पाववाल्याने हातच लावू दिला नाही तर? आईला ह्या प्रश्नाचा धक्का बसतो. इतके सगळे शिकवूनही, पाववाला जिला पावाजवळ येऊ देत नाही अशीच बाई तू होणार का, असे ती विचारते. तिथेच कथा संपते.

इथे आमचा वर्ग दरवर्षी गप्प होई. हात लावू न देणारा दुकानदार आमच्या मुलींना समजावून सांगावा लागत नव्हता. दुकानाच्या पायरीखाली उभे राहून पदर पसरायचा आणि वरून टाकलेले मीठमिरची झेलायचे, हे कुणाच्या आजीने, कुणाच्या आईनेही भोगलेले. पण एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, म्हणजे आपल्या आयांनी आपल्याला त्यांच्याच नजरेनं घडवलं का? ज्यांनी हात लावू दिला नाही, त्यांच्या?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर. त्यासाठी आधी त्या बेटांवर जाऊन यावे लागेल. तिथला पाव आणि आपली भाकरी ह्यांचा इतिहास एक नाही. कथेतला पाववाला जन्माने विटाळ मानून हात नाकारीत नाही. तो नाकारणार आहे बाईची 'चाल' पाहून. अब्रूचा हा प्रश्न तिथे कसा निर्माण झाला, हे पाहिल्याखेरीज त्या आईचे बोलणे उमगत नाही.

आई गुलाम, तर मूल गुलाम

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. ह्या बेटांचा खरा इतिहास उसाच्या मळ्यांचा आहे. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या गुलामीवर जमैका, बार्बाडोस, अँटिग्वा ह्या बेटांतली साखर उभी राहिली. जमैकातील मळ्यांवर गुलामीच्या अखेरच्या काळात शेतात राबणाऱ्यांमध्ये पुरुषांपेक्षा बायकाच अधिक होत्या. बाई म्हणून तिला ना कामात सूट होती, ना चाबकात.

ह्या व्यवस्थेचा पाया एका नियमावर होता. मुलाची स्थिती आईवरून ठरे. आई गुलाम असेल तर बाप कोणीही असो, मूल गुलाम. फ्रेंच वसाहतींसाठी १६८५ साली केलेल्या 'कोड न्वार' ह्या कायद्यात हे स्पष्ट लिहिले आहे. इंग्रजांच्या बेटांवरही हाच व्यवहार होता. मालकाने गुलाम बाईवर बलात्कार केला तर तो गुन्हा नव्हता, आणि त्यातून जन्मलेले मूल मालकाच्या मालमत्तेत भर घाली. म्हणजे आईने मुलीला दिलेला पहिला कायदेशीर वारसा गुलामी हाच होता.

ह्याला बायकांनी नकारही दिला. मारिया सिबिला मेरियान ही चित्रकार आणि कीटकांची अभ्यासक सुरिनामला गेली होती. १७०५ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात तिने एका झाडाची नोंद केली. आपली मुले गुलाम होऊ नयेत म्हणून गुलाम बायका त्या झाडाच्या बिया गर्भ पाडण्यासाठी वापरतात, असे त्या बायकांनीच तिला सांगितले होते. हे झाड म्हणजे आपल्याकडे अंगणात शोभेसाठी लावतात तो शंकासूर. किंकेडच्या कथेतली आई मुलीला सर्दीचे औषध शिकवते, त्याच ओघात मूल राहू न देण्याचे औषधही शिकवते. आमच्या वर्गातल्या मुली इथे माना खाली घालीत. एकीकडे अब्रू सांभाळ म्हणणारी आई दुसरीकडे हे कसे शिकवते, असा त्यांना प्रश्न पडे. तिच्यामागे शेदोनशे वर्षे कुजबुजत पुढे दिलेली एक विद्या उभी आहे, हे त्या कथेत लिहिलेले नाही, पण आपण ते वाचले पाहिजे.

मुक्ती मिळाली, अटही मिळाली

१ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे आठ लाख माणसे मुक्त झाली. बहुतेक बेटांवर त्यांना आणखी चार वर्षे 'उमेदवार' ह्या गोंडस नावाखाली राबवून घेतले. अँटिग्वात मात्र मुक्ती एकदम लागू झाली. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले ते मालकांसाठी. गुलामांना दमडीही मिळाली नाही.

गुलामांना मिळाला तो उपदेश. जमैकात बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी जमिनी घेऊन मुक्त माणसांची गावे वसवली. १८३५ सालचे स्लायगोव्हिल हे त्यातले पहिले. मळेवाल्याच्या तावडीतून सुटायला ही गावे फार उपयोगी पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या गावाबरोबर चांगल्या घराचा एक नमुनाही आला. चर्चमध्ये लागलेले लग्न, कमावणारा नवरा, घर सांभाळणारी बायको, रविवारी स्वच्छ कपडे, मोजके बोलणे. इंग्रज मध्यमवर्गाचे हे घर मळ्यावर राबलेल्या माणसांना माणूसपणाचा दाखला म्हणून दाखवले गेले. कालपर्यंत ज्या बाईला शीलच नाही असे कायदा मानीत होता, तिच्यावर आज शील सिद्ध करण्याची जबाबदारी आली. शील ज्यांनी लुटले त्यांच्याकडून कोणी पुरावा मागितला नाही.

ही मागणी शंभर वर्षांनंतरही तशीच होती. १९३४ ते १९३८ ह्या काळात बेटाबेटांवर मजुरांचे उठाव झाले. सेंट किट्स, त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका पेटले. मजुरी अपुरी, काम नाही, घरे राहण्यालायक नाहीत, ही कारणे. ब्रिटिश सरकारने लॉर्ड मॉइन ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने हलाखीचे वर्णन केले, पण त्याबरोबर लग्नाशिवायच्या संबंधांवरही बोट ठेवले आणि त्याविरुद्ध संघटित मोहीम हवी असे सुचवले. ती मोहीम जमैकात १९४४-४५ च्या सुमारास निघाली. गव्हर्नरच्या पत्नी लेडी हगिन्स तिच्या पुढाऱ्या. एकत्र राहणाऱ्या गरीब जोडप्यांची सामुदायिक लग्ने लावण्याचा धडाका सुरू झाला. लग्नांचे प्रमाण काही वर्षे थोडे वाढले आणि परत पहिल्या जागी आले. उपासमारीवर लग्नाची अंगठी हा उपाय होता, तो लागू पडला नाही इतकेच. पण प्रत्येक गरीब आईच्या मनावर एक गोष्ट ठसत गेली, की आपले दारिद्र्य हा आपल्या चालीचा दोष आहे आणि आपली मुलगी त्यातून वाचली पाहिजे.

बाप झालेली आई

एडिथ क्लार्क ह्या जमैकन अभ्यासिकेने तिथल्या तीन वस्त्यांतील कुटुंबांचा अभ्यास करून १९५७ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचा अर्थ 'माझी आई, जिने माझा बाप होऊन मला वाढवले' असा होतो. ही कल्पना जॉर्ज लॅमिंग ह्या बार्बाडोसच्या लेखकाच्या १९५३ सालच्या 'इन द कॅसल ऑफ माय स्किन' ह्या कादंबरीतून घेतलेली. पुरुष मजुरीसाठी हिंडता, कधी पनामात, कधी क्यूबात. हंगाम संपला की काम संपले. घर आई आणि आजीच्या जिवावर. मूल आजीकडे, मावशीकडे वाढायला ठेवणे ही नेहमीची रीत. गुलामीतही बायका जमिनीच्या तुकड्यावर भाजी पिकवून रविवारच्या बाजारात विकीत. तो बाजार त्यांनी पुढेही सोडला नाही.

म्हणजे उपदेश घरात बसणाऱ्या बायकोचा आणि जगणे बाजारात उभ्या असलेल्या बाईचे. ह्या दोन्हींची ओढाताण आईच्या बोलण्यात उतरते. म्हणून किंकेडच्या कथेतली आई एकाच दमात इस्त्रीही शिकवते, मासे धरायलाही शिकवते, पुरुष कसा छळतो हे सांगते आणि पुरुषाला कसे नमवायचे हेही सांगते. 'बेना' नावाची अँटिग्वाची लोकगाणी आहेत. गावातली लफडी आणि भानगडी चव्हाट्यावर आणणारी ही गाणी रविवारच्या धर्मशाळेत म्हणू नकोस, असे ती बजावते. गाण्यातून आपल्या लोकांचा आवाज येतो, आणि नेमका तोच आवाज चर्चच्या दारात गिळायचा.

किंकेड ह्यांचे स्वतःचे आयुष्य ह्या ओढाताणीत गेले. नावात 'जमैका' असले तरी त्या अँटिग्वाच्या, जन्म १९४९ चा. मूळ नाव एलेन पॉटर रिचर्डसन. आई डॉमिनिका बेटावरून आलेली. त्या नऊ वर्षांच्या होईपर्यंत एकुलत्या. मग तीन भाऊ झाले आणि आईची स्वप्ने मुलांकडे वळली. हुशार मुलीची शाळा घरच्या अडचणीपायी सुटली. सोळाव्या वर्षी त्यांना अमेरिकेत एका गोऱ्या घरी मुले सांभाळायला पाठवले, घरी पैसे यावेत म्हणून. १९७३ साली त्यांनी नाव बदलले. घरच्यांना लेखन पसंत नव्हते आणि घरच्या नजरेखाली लिहिणे त्यांना शक्य नव्हते. १९८५ सालच्या 'ॲनी जॉन' ह्या कादंबरीत त्यांनी हीच आई पुन्हा उभी केली. लहानपणी मायलेकींचे कपडे एकाच कापडाचे. मुलगी वयात येऊ लागताच आई सांगते, आता ते चालणार नाही. मुलीला हा तोडलेला धागा आयुष्यभर जोडता येत नाही.

भीतीला कारण होते

अशा आईला जुलमी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मी तसे करणार नाही, कारण तिच्या भीतीला जमिनीवरचे कारण होते. माध्यमिक शाळेच्या जागा मोजक्या. गरिबाच्या मुलीला तिथे पोचणे म्हणजे साऱ्या घराची कमाई. आणि जमैकात मुलगी गरोदर राहिली की शाळेतून तिचे नाव जाई. मुलाच्या बापाचे नाव कुठल्याही शाळेतून जात नसे. एका चुकीने दोन पिढ्यांचे कष्ट मातीत जात असतील, तर आई रात्रंदिवस तेच बोलेल. 'वाईट चालीची' हा तिचा शब्द मुलीला चाबकासारखा लागतो, हे खरे. पण दारात उभ्या असलेल्या खऱ्या चाबकाची आठवण तिला होती, हेही खरे.

तरीही ह्या भीतीची एक हद्द असते. ती ओलांडली की वळण लावणे ही हिंसा होते. हैतीच्या एडविज दान्तिका ह्यांची 'ब्रेथ, आइज, मेमरी' ही १९९४ सालची कादंबरी त्याविषयी आहे. हैतीने १८०४ मध्येच फ्रेंचांना हाकलून स्वातंत्र्य मिळवले होते. त्या स्वतंत्र देशातली आई मुलीचे कौमार्य हाताने तपासते. तिच्या आईने तिचे तपासले होते. मुलीच्या मनाचे आणि देहाचे त्यात काय होते, ते दान्तिका कुठलीही सारवासारव न करता लिहितात. राज्य गेले तरी शरीरावरचा पहारा गेला नाही, आणि पहारेकरी आता आईच होती.

रंगाचेही असेच. केस सरळ कर, उन्हात फिरू नकोस, उजळ नवरा बघ म्हणजे पुढच्या पिढीचा रंग उघडेल, ही शिकवण अनेक घरांत प्रेमाने दिली गेली. त्रिनिदादच्या मर्ल हॉज ह्यांच्या १९७० सालच्या 'क्रिक क्रॅक, मंकी' ह्या कादंबरीत आई नसलेली एक मुलगी दोन आत्या-मावश्यांमध्ये सापडते. एक मोकळ्या तोंडाची, गरीब, मायाळू. दुसरी इंग्रजी वळणाची, प्रतिष्ठित. दुसरीच्या घरी राहून मुलगी शिकते ती पहिलीची लाज बाळगायला. मला ह्या कादंबरीतले सर्वांत मोठे दुःख हेच वाटते.

(भारतातून १८३८ ते १९१७ ह्या काळात गयाना, त्रिनिदाद येथे नेलेल्या करारबद्ध मजुरांच्या घरांतील मायलेकींचा प्रश्न वेगळ्या धर्म-जातीच्या पार्श्वभूमीचा आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय म्हणून इथे घेतलेला नाही.)

मुलींनी काय केले

मुलींनी केवळ कादंबऱ्या लिहिल्या असत्या तर मी हा लेख आपल्या वाचकांसाठी लिहिला नसता. १९७७ साली जमैकात 'सिस्ट्रेन' नावाचे नाट्यपथक उभे राहिले. त्यातल्या बायका सरकारी रोजगार योजनेत काम करणाऱ्या, कामगार वस्तीतल्या. १९७८ साली त्यांनी 'बेलीवुमन बँगरँग' हे नाटक केले. विषय त्यांच्याच वयात येण्याचा, नकळत्या वयातल्या गरोदरपणाचा आणि त्याविषयी आयांनी पाळलेल्या मौनाचा. १९८६ साली 'लायनहार्ट गाल' हे त्यांच्या आत्मकथनांचे पुस्तक आले. ते बव्हंशी त्यांच्या बोलीत आहे. शाळेत ज्या बोलीबद्दल छडी बसे, त्या बोलीत. आत्मकथनाचे बळ काय असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९७६ साली जमैकाने कायदा करून लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला लग्नातल्या मुलाइतकाच हक्क दिला. 'अनौरस' हा शिक्का कायद्यातून गेला. १९७८ साली किंग्स्टनमध्ये शाळकरी वयात आई झालेल्या मुलींसाठी केंद्र निघाले. गरोदरपणात शिक्षण चालू ठेवायचे आणि बाळंतपणानंतर मुलीला परत शाळेत पोचवायचे, हे त्याचे काम. अशा मुलींना शाळेत परत घेण्याचे राष्ट्रीय धोरण मात्र २०१३ साली आले. एवढा उशीर लागला, ह्यावरून आईच्या भीतीचे मूळ किती खोल होते ते दिसते.

मला ह्यातून एक गोष्ट कळली. आईशी वाद घालून आई बदलत नाही. ती ज्याला भिते ते बदलावे लागते. शाळेचे दार बंद होणार नाही हे एकदा ठरले, की 'वाईट चालीची' ह्या शब्दातली निम्मी धार जाते.

मागच्या बाकावरच्या मुलीला

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या बायकांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले, अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाकायला सांगितले. वरवर पाहता मिशनऱ्यांचा उपदेश आणि हा उपदेश सारखाच दिसेल. दोन्हींत स्वच्छता आहे, नेसणे आहे, वागणे आहे. पण मिशनरी वरून सांगत होता, की असे वागाल तर तुम्हांला माणूस मानू. बाबासाहेब सांगत होते, की तुम्ही माणूस आहातच, गुलामीची खूण अंगावर ठेवू नका. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी मुलींची लग्ने घाईने करू नका आणि बायकोने नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण व्हावे असे सांगितले. त्यात भीती नव्हती.

आपल्या घरांत मात्र ह्या दोन्ही शिकवणी एकमेकींत मिसळल्या. माझी आई वाड्यावर शेणगोठा करी. ती मला सांगे, विहिरीवर हसू नको, मान वर करून चालू नको, पुस्तक खाली ठेवू नको. तिन्ही गोष्टी ती एकाच आवाजात सांगे. तिसरीने मी शिकले. पहिल्या दोन सोडायला मला चाळीस वर्षे लागली. आणि माझी मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा तिला पहिल्या दोन सांगताना मी स्वतःला पकडले.

म्हणून त्या मुलीला आज मी असे सांगेन. बाई, आपल्या आयांनी आपल्याला त्यांच्या नजरेने घडवले नाही, त्या नजरेच्या धाकात घडवले. त्यांनी दिलेले गाठोडे फेकून देऊ नकोस आणि तसेच्या तसे पुढेही देऊ नकोस. ते सोड आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघ. जिच्याने हात बळकट होतो ती ठेव. जिच्याने फक्त मान खाली जाते ती बाजूला काढ. आणि पाववाला हात लावू देत नसेल, तर आपली चाल तपासत बसू नकोस. दुकान तपास.